दोन शून्यं

हिरेवाडीला सीना नदी नऊ वर्षांत एकदाही पुऱ्या फुटावर थांबलेली नाही, हा शोध मी लावला. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. सोलापुरात नद्यांच्या पाण्याची मापं उतरवून घेणाऱ्या सरकारी कचेरीत धाकटा कारकून होतो, आणि आपल्याइतकं हुशार त्या कचेरीत कोणी नाही याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. माझं भीमाशंकर हे नाव ठेवणाऱ्याला माझ्या छातीचा अंदाज नसावा, पण आकड्यांत मात्र मी कुणाला हार जात नसे.

काम असं होतं. सीनेच्या पात्रात ठिकठिकाणी दगडी खांब उभे केले होते, त्यांवर खालपासून वरपर्यंत फूट आणि इंच कोरलेले. गावातला एक नेमलेला माणूस सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पायऱ्या उतरून जायचा, पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते बघायचा आणि पुस्तकात लिहायचा. महिन्याचं पान पोस्टानं आमच्याकडे यायचं आणि मी ते मोठ्या रजिस्टरात उतरवायचो. आता फुटाचे इंच बारा. म्हणजे दर बारा मापांत एखादं तरी पुऱ्या फुटाचं यायला हवं, चार फूट शून्य इंच, सात फूट शून्य इंच असं. बाकी गावांच्या पानांवर ती शून्यं येत होती. हिरेवाडीच्या पानांवर एकही नव्हतं. मी जुनी रजिस्टरं काढली, धूळ खाल्ली, शिंकलो. साडेसहा हजार मापं आणि इंचाच्या घरात शून्य एकदाही नाही! उन्हाळ्यात, जेव्हा सीनेत कावळ्याला चोच बुडवायला पाणी नसतं, तेव्हाही फुटाच्या घरात रेघ आणि इंचाच्या घरात एक. चैत्र-वैशाख दोन्ही महिने, दोन्ही वेळा, एक.

मी रजिस्टर घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. शाबासकीची वाट बघत होतो हे कबूल करतो.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा गृहस्थ घरी बसून लिहितो," ते म्हणाले. "मनानं आकडे लिहिणारा माणूस कुठला तरी आकडा नकळत टाळतोच. तुम्ही जा. चार दिवस राहा. पाणी न बघता लिहीत असेल तर पुस्तक काढून घेऊन या, दुसरा माणूस नेमू. पुराच्या दिवसांत खोटं माप म्हणजे माणसं बुडवणं आहे." मी दारापर्यंत पोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, "एक तरी खरं शून्य त्याच्या पुस्तकात दाखवा, मी गप्प बसेन."

तो एकोणीसशे तीसचा भाद्रपद होता. टांग्यानं मला गावाअलीकडच्या एका ओढ्यापर्यंत सोडलं आणि पुढं दोन कोस मी नव्या वहाणा हातात घेऊन चिखल तुडवला. हिरेवाडी नदीच्या उंच काठावर होती. काठाला महादेवाचं देऊळ, देवळाच्या पायऱ्या थेट पात्रात, आणि शेवटच्या पायरीशेजारी आमचा खांब. देवळाला लागून असलेल्या घराच्या दारात एक ठेंगणी बाई जोंधळे पाखडत होती. मी नाव सांगितलं, कचेरी सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बर्री, कूड्री." मग माझ्या तोंडाकडे बघून हसली. "मैंदर्गीचं माहेर माझं. घाईत कन्नडच येतं तोंडात. या, बसा. पाय धुवा आधी. काय हो ही पायांची दशा!"

या यशोदाकाकू. पुस्तक लिहिणारे वेणीमाधव हे त्यांचे यजमान, देवळातले पुजारी. सारं गाव त्यांना आण्णा म्हणत असे. घरात दोघंच. आण्णा साठीच्या पुढचे, काटकुळे, बोलायला कंजूष. आमचं सरकारी पुस्तक त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं, लाल फडक्यात बांधून, बाळकृष्णाच्या शेजारी. कचेरीच्या पुस्तकाला हळद-कुंकू लावलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

सहा वाजता आण्णा पुस्तक काखेत मारून निघाले आणि मी मागून. मनात म्हटलं, माझ्यासमोर उतरतोय, मी नसताना उतरत असेल कशावरून? पण पायऱ्यांवर शेवाळ होतं, आणि त्या शेवाळात बरोबर मधोमध एक वाट झिजून स्वच्छ झाली होती. ती वाट एका दिवसाची नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला! माझ्या शोधाची हवा तिथंच थोडी गेली.

पाणी खांबावर अगदी चार फुटांच्या रेघेला टेकलेलं होतं. मी वाकून वाकून बघितलं. चार फूट, शून्य इंच.

"लिहा," मी म्हटलं.

आण्णा पायरीवर बसले. पुस्तक मांडीवर ठेवलं, उघडलं नाही. "बसा की," ते म्हणाले. "हलेल ती."

"कोण?"

त्यांनी हनुवटीनं नदी दाखवली.

मी घड्याळ काढलं. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. वरून काकूंची हाक आली, "अहो, पाहुण्याला भूक लागली असेल! आज तरी लवकर हलायला सांगा तिला!" सहा पस्तीसला पाणी एक रेघ वर चढलं, तसं त्यांनी पुस्तक उघडलं आणि टाक बुडवून लिहिलं: चार फूट एक इंच. पुढं बारीक अक्षरात वेळ घातली, सहा वाजून पस्तीस मिनिटं. मी त्याच पानावरच्या आधीच्या नोंदी बघितल्या. शेऱ्याच्या घरात कुठं सहा वीस, कुठं सहा पन्नास, एकदा तर सव्वासात. ही वेळ प्रत्येक पानावर नऊ वर्षं आमच्याकडे येत होती. आमच्या मोठ्या रजिस्टरात वेळेचं घर नव्हतं, म्हणून मी ती कधी वाचलीच नव्हती. आकड्यांत हार न जाणारा मी!

जेवताना मी विषय काढला. आण्णा भाकरी कुस्करत होते, काकूच बोलल्या. "तुमच्या आईच्या घरी तांदूळ संपले तर काय म्हणतात?"

"तांदूळ वाढले म्हणतात."

"दिवा मालवला तर?"

"शांत केला."

"हातातली बांगडी पिचली तर?"

"वाढवली. अहो काकू, पण ते घरातलं बोलणं झालं. हे सरकारी काम आहे."

"नदी सरकारची कधी झाली?" आण्णा पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले. "तिच्या नावापुढं काही नाही असं लिहायला माझा हात चालत नाही. आणि खोटं लिहायलाही चालत नाही. म्हणून थांबतो. नदी काही एका जागी बसून राहत नाही. घटका दोन घटकांत वर जाते नाही तर खाली जाते. तोवर बसायचं."

"मग दहा लिहिता, वीस लिहिता, त्यात शून्य नाही का?"

"त्याच्या आधी कोणीतरी आहे ना," आण्णा म्हणाले. "आधी कोणी असलं की शून्याचा त्रास नाही, उलट भर पडते. एकटं शून्य नको."

मला हसू आलं आणि रागही आला. असल्या माणसावर रागवायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एवढ्यात माझ्या डोक्यात वैशाख आला. "आणि उन्हाळ्यात? तेव्हा नदी कोरडी पडते. तेव्हा तर ती हलतच नाही. तेव्हा एक इंच कुठून येतो?"

आण्णा ताटातली भाकरी चाचपू लागले. काकूंनी मला आणखी आमटी वाढली, नको म्हणत असताना वाढली.

"कळशीतून," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खांबाच्या बुडाशी कातळ जरा खोलगट आहे, परातीएवढा. देवळाच्या विहिरीतून कळशी आणते आणि ओतते. एक कळशी म्हणजे बरोबर एक इंच. मग हे बघतात आणि लिहितात. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"काकू, हे सरकारला फसवणं आहे!"

"का बरं? ओतलं ते पाणीच ना? ह्यांनी बघितलं तेव्हा तिथं इंचभर होतं ना? ह्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नाही."

वैशाखात, साठीला आलेली बाई, दिवसातून दोनदा, त्या अठ्ठावीस पायऱ्या, कमरेवर भरली कळशी. सारं नवऱ्याच्या एका टाकाच्या टोकाला अवघड जाऊ नये म्हणून. हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही. पण कारकुनाचा तोरा होता. मी म्हणालो, "मी जे बघितलं ते मला साहेबांना सांगावं लागेल."

"सांगा की," आण्णा शांतपणे म्हणाले. "बघितलं ते सांगायचंच असतं." आणि हात धुवायला उठले.

सकाळी पाऊस लागला होता. नगरकडं दोन दिवस झोडपतोय असं वाटसरू सांगत होते. सहाच्या मापाला पाणी सात फुटांच्या वर गेलं होतं. आण्णा वर येऊन पूजेला बसले, तेव्हा काकू मला ओसरीवर घेऊन गेल्या. "पुस्तक नेणार का तू?" त्यांनी विचारलं. रात्रीपासून मी 'तुम्ही'चा 'तू' झालो होतो. "तुला म्हणून सांगते. देवळाची पूजा पाळीनं असते. आमच्या वाट्याला वर्षातले तीन महिने. ह्या पुस्तकाआधी उरलेले नऊ महिने हे भिंतीकडं तोंड करून बसायचे. जेवा म्हटलं तर जेवायचे, उठा म्हटलं तर उठायचे. पुस्तक आलं आणि माणूस पहाटे आपण होऊन उठायला लागला. ते नेलंस तर ह्यांनी उठायचं कशाला, तेवढं सांगून जा."

मी ओसरीच्या कडेला जाऊन नदीकडे बघितलं.

तेवढ्यात मायाक्का दूध घेऊन आली. ही धनगरीण. गावाच्या खाली नदीकाठाला गाळाची सखल जमीन होती, तिला मळी म्हणत. तिथं तिचा मेंढ्यांचा वाडा होता, लेकी-सुना-नातवंडं धरून बावीस माणसं आणि तीनशे मेंढरं. मी तिला म्हटलं, "मावशी, पाणी चढतंय. वर या."

"पुस्तकात अठरा आलं की येतो की," ती म्हणाली. "त्याच्या आदी न्हाय. दोन सालामागं सोळालाच हलगी वाजवली, आमी समदं घेऊन वर आलो, आन पाणी गेलं उतरून. खाली जाऊन बगतो तर चार कोकरं आन जोंधळ्याची दोन पोती गायब. आता आण्णाच्या पुस्तकाबिगर कुणाचं ऐकायचं न्हाय. आण्णाचा आकडा कदी खोटा न्हाय."

पाटील गुरुबसप्पांनीही तेच ठरवून टाकलं होतं. "दुधानं त्वांड पोळलंय, आता ताक बी फुकून पितो," ते म्हणत. पुस्तकात अठरा लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलगी नाही. अठराच का, तर अठरा फुटांवर मळीच्या मागचा ओढा भरायला लागतो, आणि मळीतून वर यायची वाट त्या ओढ्यातूनच आहे. अर्ध्या तासात ती बंद होते. अठराच्या आधी हाकाटी केली तर पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. अठराच्या नंतर केली तर ऐकून उपयोग नाही.

दुपारपर्यंत पाणी चौदाच्या वर गेलं. दर अर्ध्या तासाला माप घेणं सुरू झालं. पाऊस थांबला होता, पण नदी गढूळ होऊन फुगतच होती, झाडांची खोडं, कुणाच्या छपराचं पाचट वाहत येत होतं. साडेतीनला सतरा फूट दोन इंच. चारला सतरा आठ. देवळाच्या पायऱ्यांवर पाटील आणि हलगीवाला येऊन उभे राहिले. हलगीवाल्यानं शेकोटी करून हलगी तापवून ठेवली होती. मायाक्काचा मोठा मुलगा मळीच्या टेकाडावर उभा राहून आमच्याकडे बघत होता, कान हलगीकडे लावून.

साडेचारला सतरा अकरा. मग चार चाळीसला पाणी अठराच्या रेघेला टेकलं.

आणि थांबलं.

मी वाकून बघितलं. रेघ ना बुडालेली, ना उघडी. अठरा फूट शून्य इंच. खालच्या बाजूला ओढ्याच्या तोंडात गढूळ पाण्याची पहिली जीभ शिरताना मला दिसली.

"आण्णा, लिहा!"

आण्णांनी पुस्तक उघडलं. टाक बुडवला. अठरा लिहिले. आणि टाक इंचाच्या घरावर तसाच राहिला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "हलेल," ते पुटपुटले. "आत्ता हलेल."

"अठरा हाईत का न्हाईत?" वरून पाटील ओरडले.

"माप पुरं झाल्याबिगर आकडा नव्हं पाटील," आण्णा म्हणाले. "अठरा म्हणून सांगायचं आणि पाणी उतरलं तर पुन्हा कोण ऐकेल?"

पाणी हलेना. दोन मिनिटं गेली, चार गेली. ओढ्यातली जीभ लांब झाली. आणि मग मी, त्यांचं खोटं पकडायला आलेला मी, त्यांच्या कानाशी लागून म्हणालो, "आण्णा, एक इंच लिहून टाका. अठरा एक. मी कुणाला सांगणार नाही. माझी शपथ."

आण्णांनी अशा नजरेनं बघितलं की मी एक पायरी मागं सरकलो. "खोटं?" ते म्हणाले. "तुम्ही कचेरीचे ना?"

काकू माझ्या मागं कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नव्हतं. त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या, नवऱ्याच्या शेजारी. "लिहा हो," त्या म्हणाल्या. "आज तिचं पोट भरलेलं आहे. आज शून्य लिहिलं म्हणून ती उपाशी ठरत नाही. पण मायाक्काची माणसं तुमच्या आकड्याकडं डोळे लावून बसलीत. तिच्या नावापुढं नाही लिहिलंत तर त्यांच्या नावापुढं लिहावं लागेल." आणि म्हणाल्या, "मी बघत नाही. लिहा."

त्यांनी खरंच तोंड फिरवलं, देवळाकडे.

आण्णांनी शून्य काढलं. जोंधळ्याच्या दाण्याएवढं, एका बाजूला दबलेलं. पुढं वेळ घातली, चार वाजून शेचाळीस मिनिटं. मग पुस्तक दोन्ही हातांनी पाटलांसमोर धरलं.

हलगी कडाडली. मळीवर एकदम हालचाल झाली, त्या माणसांनी एक क्षणही विचार केला नाही. आधी मेंढरं आली, ओढ्यात पोटापर्यंत पाण्यातून, मग बायका पोरं कडेवर घेऊन, शेवटी पुरुष खांद्यावर कोकरं घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून. मायाक्का सगळ्यांच्या मागं होती. तिनं वर येऊन आधी माणसं मोजली आणि मग खाली बसली. "आलो की वं आण्णा," ती धापा टाकत म्हणाली, "तुमी म्हणला आन आलो."

सहाच्या मापाला पाणी एकोणीस फूट चार इंच होतं आणि मळी दिसत नव्हती.

त्या संध्याकाळी आण्णा जेवले नाहीत. नदीला नारळ दिला आणि पायरीवर हात जोडून बराच वेळ बसले. काकू मला म्हणाल्या, "माफी मागतायत. मागू दे. ती काही मनाला लावून घेणारी नाही."

पूर ओसरला तशी मी निघालो. पुस्तक देव्हाऱ्यातच राहिलं. दारात मी "जातो" म्हणून गेलो आणि दोघांनी एकदमच दटावलं, "येतो म्हणायचं!"

कचेरीत मी लेखी रिपोर्ट दिला: वाचक स्वतः पाण्यापर्यंत उतरतो, पाणी पुऱ्या फुटावर असलं तर ते हलेतो थांबतो, वेळ लिहितो, माप खरं आहे. पुराव्यासाठी अठरा-शून्यचं पान जोडलं. साहेबांनी त्या दबलेल्या शून्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे मनानं काढलेलं नाही." प्रकरण मिटलं. कळशीचं मी लिहिलं नाही. साहेबांनी उन्हाळ्याचं विचारलं नाही आणि मी होऊन सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. आण्णांना ते आवडलं नसतं, पण मी काही आण्णा नव्हे.

मोठ्या रजिस्टरात मी स्वतःच्या हातानं वेळेचं एक घर आखलं. त्यानंतर दरसाल चैत्र लागला की हिरेवाडीच्या पानावर तो एक यायचा. फुटाच्या घरात रेघ, इंचाच्या घरात एक. तो एक उतरवताना दर वेळी मला कमरेवर कळशी घेऊन पायऱ्या उतरणाऱ्या काकू दिसायच्या, आणि शेजारच्या कारकुनाला कळायचं नाही की हा माणूस कोरड्या नदीचं पान बघून हसतो कशाला. मी दिवाळीनंतर एकदा जाऊन यायचो. काकू मला वाळलेला म्हणायच्या, माझ्या लग्नाची चौकशी करायच्या, आणि लग्न झाल्यावर बायकोला आणलं नाही म्हणून दुप्पट बोलायच्या. पुढं बायकोला घेऊन गेलो, तर त्या दोघी तासाभरात माझ्याविरुद्ध एक झाल्या. अशी सहा वर्षं गेली.

एकोणीसशे छत्तीसच्या वैशाखातलं, मे महिन्याचं पान नेहमीसारखं टपालात आलं. मी उघडलं. पहिला आठवडा, एक, एक, एक. नवव्या तारखेची सकाळ, एक. नवव्या तारखेची संध्याकाळ.

फुटाच्या घरात रेघ. इंचाच्या घरात शून्य.

त्याखालची सगळी घरं कोरी होती. मी ते पान नीट घडी करून खिशात घातलं, रजेचा अर्ज लिहिला आणि मंजुरीची वाट न बघता निघालो. ओढ्यापासूनचे दोन कोस उन्हात कसे चाललो ते आठवत नाही. मनात एकच होतं, पाय मुरगळला असेल, ताप असेल, मैंदर्गीला गेल्या असतील. आण्णांचं शून्य कधी खोटं नसतं हे ठाऊक असून मी स्वतःची समजूत घालत होतो.

घराचं दार उघडं होतं. सूप भिंतीला टांगलेलं होतं. आण्णा घरात नव्हते. ते खाली होते, शेवटच्या पायरीवर, कोरड्या पात्रासमोर, पुस्तक मांडीवर घेऊन. सहा वाजायला आले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसलो.

"तुम्हाला कुणी कळवलं?" त्यांनी विचारलं. "मी कुणाला पत्र घातलं नाही."

"तुम्हीच कळवलंत," मी म्हटलं, आणि खिशातलं पान काढून त्यांच्यापुढं धरलं.

त्यांनी ते बघितलं. त्या शून्यावरून बोट फिरवलं. "त्या दिवशी सकाळची तिनंच ओतली," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. तसला शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता. "मी थांबलो होतो हो. पाऊण तास थांबलो. हलेल म्हणून."

मला रडू आवरेना. ते मात्र रडत नव्हते, खांबाकडे बघत होते. पुस्तकातलं पुढच्या महिन्याचं पान मी त्यांच्या मांडीवरच उघडलं. कोरी होती. नऊ वर्षं आणि वर सहा वर्षं न चुकलेला माणूस पायरीपर्यंत येत होता, बसत होता आणि न लिहिता परत जात होता.

मी उठलो. वर गेलो. कळशी तिच्या जागी होती, दाराआड, पालथी. विहिरीतून ती भरली आणि खांद्यावर घेतली, कारण कमरेवर घ्यायची मला सवय नव्हती. अठ्ठावीस पायऱ्या उतरेपर्यंत माझा सदरा भिजला आणि कळशी पाऊण झाली. आयुष्यभर टाक धरलेल्या माणसाच्यानं दुसरं काय होणार! काकू असत्या तर वरून बघून हसल्या असत्या.

मी ते पाणी खांबाच्या बुडाशी ओतलं. कातळाच्या खळग्यात ते पसरलं, डुचमळलं आणि स्थिर झालं.

आण्णा वाकले. डोळे बारीक करून त्यांनी रेघ बघितली, मग पुन्हा बघितली.

"इंचाला कमी आहे," ते म्हणाले.

"आणखी आणतो," मी म्हटलं, आणि रिकामी कळशी घेऊन पुन्हा वर निघालो. मागं टाक दौतीत बुडवल्याचा आवाज आला.